छपरावरील विजेचें वर्ष मार्चांतच कां संपावें?

गेल्या एप्रिल महिन्यांत आमचे एक सभासद विजेचें बिल घेऊन संस्थेच्या कचेरींत आले व तें टेबलावर ठेवून त्यांनीं एकच प्रश्न केला: "आमचीं हिंवाळ्यांतलीं युनिटें गेलीं कोठें?" त्यांच्या घराच्या धाब्यावर तीन किलोवॅटचा सौर संच आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत दर महिन्याच्या बिलावर शिल्लक युनिटांचा आंकडा वाढत चाललेला ते पाहत होते, आणि वैशाखांतल्या पंख्यांची व कूलरची सोय झाली असें समजून घरांतील मंडळी निश्चिंत होती. एप्रिलच्या बिलावर तो आंकडा शून्य झाला होता. मीटर वाचणाऱ्याची कांहीं चूक झाली असावी, असें त्यांस वाटत होतें. चूक कोणाचीच नव्हती. नियमच तसा आहे. तो नियम काय आहे, कोणत्या कारणानें आहे, आणि त्यांत एक लहानसा बदल मागणें न्यायाचें कसें आहे, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम थोडें पूर्ववृत्त. छपरावर तयार झालेली वीज घरांत लागेल तितकी लागते व उरेल ती तारेवाटें बाहेर जाते. रात्रीं संच निजला म्हणजे तीच तार घरास वीज पुरविते. या देवघेवीचा हिशेब वजाबाकीनें करण्याची पद्धत, जिला आतां सर्वत्र नेट मीटरिंग म्हणतात, ती अमेरिकेंत रूढ झाली. जुन्या चकतीच्या मीटरांतून वीज उलट गेली कीं चकतीही उलट फिरे व आंकडा मागें येई. मिनेसोटा संस्थानानें १९८३ सालीं या व्यवहारास कायद्याचें रूप दिलें. आपल्याकडे हा विषय २००३ च्या विद्युत् कायद्याखालीं राज्यांच्या नियामक आयोगांकडे येतो. महाराष्ट्राच्या आयोगानें छपरावरील सौर विजेसाठीं पहिले विनियम २०१५ सालीं केले, व २०१९ च्या डिसेंबरांत त्यांच्या जागीं दुसरे केले. पुढें २०२४ च्या फेब्रुवारींत मध्यवर्ती सरकारची 'पंतप्रधान सूर्यघर: मोफत वीज योजना' निघाली, एक कोटी घरांसाठीं ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि दोन किलोवॅटच्या संचास ६०,००० व तीन किंवा अधिक किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान मिळूं लागलें. शहरांत दिसणारीं निळसर पॅनेलें वाड्या-वस्त्यांवर दिसूं लागलीं तीं या अनुदानामुळें. आम्हांस त्याचें समाधानच आहे. परंतु संच विकणारे गृहस्थ 'मोफत' हा शब्द जितक्या वेळां उच्चारतात त्याच्या शतांश वेळांही '३१ मार्च' हे शब्द उच्चारीत नाहींत, ही आमची तक्रार आहे.

आतां हिशेबाची रीत पाहूं. बिलाच्या महिन्यांत घरानें बाहेर दिलेलीं युनिटें बाहेरून घेतलेल्या युनिटांतून वजा करावयाचीं. घेतलेलीं अधिक असतील तर फरकाचेंच बिल द्यावयाचें. दिलेलीं अधिक असतील तर फरक पुढच्या महिन्याच्या खात्यांत जमा म्हणून ओढावयाचा. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ही जमा रुपयांची नसून युनिटांची आहे. भर दुपारीं दिलेलें एक युनिट रात्रीं घेतलेल्या एका युनिटाबरोबर फिटतें, मग त्या दोहोंचा बाजारभाव कांहींही असो. घरमालकाच्या दृष्टीनें याहून उदार व्यवहार सांपडणें कठीण. परंतु ही उदारता आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच टिकते. ३१ मार्च रोजीं जीं युनिटें न फिटतां शिल्लक असतील तीं वीज कंपनीनें आयोगानें ठरविलेल्या सर्वसाधारण दरानें विकत घ्यावयाचीं, आणि १ एप्रिलला खातें शून्यापासून सुरू करावयाचें, असें २०१९ चे विनियम सांगतात. हा खरेदीचा दर घरास लागणाऱ्या दराहून पुष्कळच कमी असतो. म्हणजे ३१ मार्चच्या रात्रीपर्यंत जें युनिट पुरतें युनिट होतें, तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं अर्ध्यामुर्ध्या किंमतीचें होऊन बसतें. (त्याच विनियमांत 'नेट बिलिंग' नांवाची दुसरी एक व्यवस्था आहे. तींत संचाची सगळी वीज कंपनीस ठराविक दरानें द्यावयाची व घराच्या वापराचें बिल निराळें घ्यावयाचें असतें. शेतकऱ्याच्या घरास ती क्वचितच परवडेल, म्हणून तिचा विचार येथें करीत नाहीं. दिवसाच्या वेळेप्रमाणें निरनिराळा दर लावण्याचा प्रश्नही स्वतंत्र आहे.)

आणखी दोन गोष्टी येथेंच सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांविषयीं वारंवार विचारणा होते. पहिली अशी कीं, घेतलेलें व दिलेलें समसमान होऊन बाकी शून्य आली तरी बिल शून्य येत नाहीं. स्थिर आकार द्यावाच लागतो. आणि घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढत असल्यामुळें (पहिलीं शंभर युनिटें स्वस्त, मग तीनशेंपर्यंत महाग, मग पांचशेंपर्यंत आणखी महाग) संचाचा खरा फायदा वरच्या टप्प्यांत वापर असणाऱ्या घरास होतो. ज्या घरीं महिन्यास साठ-सत्तर युनिटेंच लागतात त्यानें शेजाऱ्याचें पाहून तीन किलोवॅटचा संच घेणें म्हणजे दोन म्हशींच्या गोठ्याला दहा म्हशींचें छप्पर घालणें होय.

दुसरी गोष्ट अधिक कळीची. गांवची वीज गेली कीं छपरावरचा संचही थांबतो. ऊन लख्ख पडलेलें असतें, पॅनेलें तापलेलीं असतात, तरी घरांत दिवा लागत नाहीं व खात्यांत एक युनिटही जमा होत नाहीं. हा संचाचा दोष नाहीं. तार दुरुस्त करावयास खांबावर चढलेल्या माणसास घराघरांतून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसूं नये म्हणून इन्व्हर्टरानें आपण होऊन थांबावें, अशीच त्याची रचना असते, व ती योग्यच आहे. मात्र त्यामुळें शहरांतील छप्पर व खेड्यांतील छप्पर यांत भेद पडतो. जेथें दुपारीं दोन-दोन तास पुरवठा बंद असतो तेथें जमा होणाऱ्या युनिटांत तितकीच तूट येते, आणि त्या तुटीचा हिशेब कोणीही ठेवीत नाहीं. खेड्यांतील घरमालक आधींच एवढा नाडलेला असतां, जें थोडेंबहुत जमा होतें तें तरी त्यास पुरतेपणीं वापरतां यावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. हिशेब सोपा व्हावा म्हणून आम्ही गोळाबेरजेचे आंकडे घेतों. ते कोणा एका घराचे नाहींत, पण आमच्या हवेंत तीन किलोवॅटच्या संचास व नांदत्या घरास ते जुळते आहेत. एक किलोवॅटचा संच आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनें दिवसास चार युनिटांच्या आसपास वीज देतो. परंतु ही सरासरी फसवी असते. मार्च-एप्रिलांत उत्पन्न सर्वांत जास्त, आषाढ-श्रावणांत ढगांमुळें जवळजवळ निम्म्यावर, आणि दसऱ्यानंतर आकाश निवळलें कीं पुन्हां चांगलें. घराचा वापर याच्याशीं मिळता नाहीं. एप्रिल, मे व जूनचा पहिला पंधरवडा पंखे, कूलर, थंड पाण्याचें कपाट यांनीं बिल फुगतें. पावसाळ्यांतही वापर फारसा उतरत नाहीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र पंखा थांबतो व वापर एकदम खालीं येतो.

समजा, या घरास एप्रिलांत ५०, मेमध्यें ७०, जूनमध्यें ९०, जुलैंत ११०, ऑगस्टांत १०० व सप्टेंबरांत ३० युनिटें कमी पडलीं. एकंदर तूट ४५० युनिटांची झाली. पुढें ऑक्टोबरांत १०, नोव्हेंबरांत ९०, डिसेंबरांत १२०, जानेवारींत १४०, फेब्रुवारींत १३० व मार्चांत ६० युनिटें शिल्लक पडलीं. एकंदर शिल्लक ५५०. वर्षाचा विचार केला तर घरानें आपल्या गरजेहून शंभर युनिटें अधिकच पिकविलीं. तरीही नियमाप्रमाणें काय होतें पाहा. पहिल्या सहामाहींत खात्यांत जमा कांहींच नसते, म्हणून ४५० युनिटें पैसे मोजून घ्यावीं लागतात. दुसऱ्या सहामाहींत ५५० युनिटें जमतात, आणि तीं ज्या उन्हाळ्यासाठीं व पावसाळ्यासाठीं जमलीं तो तोंडावर आला असतां ३१ मार्चला कंपनी तीं विकत घेऊन मोकळी होते. खालच्या टप्प्यांतला घरगुती दर सर्व आकार धरून ६ रुपये व खरेदीचा दर ३ रुपये समजला, तर घरानें २,७०० रुपये दिले आणि १,६५० रुपये घेतले. पदरचे १,०५० रुपये गेले. आतां हेंच वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतें असें धरा. आधीं ५५० जमतात, मग त्यांतून ४५० फिटतात, आणि उरलेल्या शंभरांचे ३०० रुपये मिळतात. ऊन तेंच, छप्पर तेंच, वापर तोच. केवळ वहीचें पान कोणत्या दिवशीं उलटावयाचें एवढ्यानें १,३५० रुपयांचा फरक पडतो. स्थिर आकार दोहोंकडे सारखाच, म्हणून तो यांत धरलेला नाहीं.

एक हजार तीनशें पन्नास रुपये ही कांहीं मोठी रक्कम नव्हे, असें कोणी म्हणेल. नोकरदारास ती मोठी नसेल. परंतु अनुदान वजा जातां जी रक्कम उरते ती आमच्या बहुतेक सभासदांनीं कर्जानें उभारलेली आहे, आणि हप्ता फिटेल तो बिलांतील बचतींतूनच, असा त्यांचा हिशेब होता. दरसालची ही गळती त्या हिशेबांत कोणीं दाखविलेली नव्हती.

गांवांत सर्वांचें मिळून एक धान्याचें पेंव असावें, ज्यानें जेवढे पायली धान्य घातलें त्यानें तेवढेंच अडीअडचणींत काढून न्यावें, आणि पेंवाच्या कारभाऱ्यानें मात्र ऐन पेरणीच्या आधीं पेंव उघडून 'आमचें वर्ष संपलें, तुमच्या धान्याचे हे निम्मे पैसे घ्या' असें म्हणावें, तशांतला हा प्रकार आहे. कारभारी लबाड नाहीं. त्याच्या वहीचें वर्ष व कुणब्याच्या पोटाचें वर्ष एक नाहीं, इतकेंच.

कंपनीची बाजूही विचारांत घेतली पाहिजे. आमचे कांहीं मित्र तिला सरसकट सावकार ठरवून मोकळे होतात. तसें आम्ही करीत नाहीं. खांब, तारा, रोहित्रें यांचा खर्च छपरावर संच आला म्हणून कमी होत नाहीं. दुपारीं घेतलेलें युनिट ती सांठवून ठेवीत नाहीं. तें त्याच क्षणीं कोणाच्या तरी घरांत किंवा पंपावर खपतें, आणि रात्रीं परत द्यावयाचें युनिट तिला नव्यानें, कदाचित् महाग दरानें, मिळवावें लागतें. ज्यांस स्वतःचें छप्परच नाहीं, किंवा पत्र्याच्या झोपडीवर संच बसत नाहीं, अशा गरीब ग्राहकांवर या उदारतेचा भार थोडाफार पडतो हेंही खरें. म्हणून शिल्लक युनिटास घरगुती दरच द्या, अशी मागणी आम्ही करीत नाहीं. वर्षाच्या शेवटीं खरोखरच जें गरजेहून अधिक उरेल तें कंपनीनें कमी दरानें घ्यावें, यांत अन्याय नाहीं. ज्यास वीज विकण्याचा धंदा करावयाचा असेल त्यानें तो धंद्याच्या दरानें करावा. आमचा आक्षेप इतकाच कीं, जें युनिट 'अधिक' नाहीं, जें चार महिन्यांनीं त्याच घरास लागणार आहे, तें केवळ तारखेमुळें 'अधिक' ठरविलें जाऊं नये.

शिवाय, या अदलाबदलींत कंपनीचें नुकसानच होतें असेंही नाहीं. छपरांवरून शिल्लक येते ती नोव्हेंबर ते मार्च या काळांत, म्हणजे ऐन रबींत. गहूं, हरभरा, ऊंस, कांदा यांच्या पाण्यासाठीं विहिरींवरील पंप ज्या दिवसांत सर्वांत अधिक चालतात, नेमक्या त्याच दिवसांत गांवांतील घरें कंपनीस दिवसाची वीज पुरवीत असतात. आणि घरें आपलीं युनिटें परत मागतात तीं मुख्यतः पावसाळ्यांत. त्या वेळीं पाऊस बरा असेल तर पंप मुके असतात, आणि साताऱ्या-सांगलीच्या पठारांवरील पवनचक्क्या वर्षांतील सर्वांत जोराच्या वाऱ्यावर फिरत असतात. गरजेच्या वेळीं घेऊन सुबत्तेच्या वेळीं फेडावयाचें, हा व्यवहार कोणत्याही कर्जदारास आवडण्यासारखा आहे. आमच्या या युक्तिवादास एक मर्यादा आहे, ती लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. 'मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी' योजनेंतून पंपांसाठीं मोठमोठे सौर प्रकल्प उभे राहत आहेत. ते सर्व चालूं लागले म्हणजे हिंवाळ्यांतील दुपारची वीज आजच्याइतकी दुर्मिळ राहणार नाहीं. एप्रिल-मेची तूटही सुबत्तेच्या काळांतली म्हणतां येणार नाहीं. परंतु वरील हिशेबांत ४५० पैकीं तीनशेंहून अधिक युनिटें जून ते सप्टेंबरांतलीं आहेत, हें लक्षांत घ्यावें.

परदेशांत काय चाललें आहे, तेंही पाहण्यासारखें आहे. कारण तिकडील वारा आज ना उद्यां इकडे येणार. कॅलिफोर्नियांत नेट मीटरिंगचा कायदा १९९० नंतरच्या दशकांतच झाला होता व तेथें छपरावरील सौर वीज अफाट वाढली. दुपारीं वीज उतूं जाते आणि सूर्य मावळतांच टंचाई भासते, अशी स्थिति झाल्यावर तेथील आयोगानें १५ डिसेंबर २०२२ रोजीं निर्णय देऊन युनिटास युनिट ही पद्धत नव्या ग्राहकांपुरती बंद केली. १४ एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्यांस, त्यांनीं दिलेल्या विजेमुळें त्या तासास कंपनीचा जो खर्च वांचतो तेवढाच मोबदला मिळतो; तो आधींच्या मानानें सरासरी सुमारें पाऊणपटीनें कमी झाला. ज्यांनीं त्यापूर्वीं संच बसविले त्यांचे जुने हक्क वीस वर्षें राखले, ही त्यांतल्या त्यांत न्यायाची गोष्ट. नेदरलंड्सनें १ जानेवारी २०२७ पासून वजाबाकीची पद्धत बंद करण्याचा कायदा २०२४ सालीं केला. यावरून आमच्या वाचकांनीं हें समजून असावें कीं, आज आपणांस जी सवलत आहे ती अढळ नाहीं. म्हणूनच ती अधिक वाढवून मागण्यापेक्षां, आहे ती नीट व्हावी असें मागणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

त्याच कॅलिफोर्नियाच्या जुन्या पद्धतींत घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तेथें घराचें सौर वर्ष सरकारी वर्षाशीं बांधलेलें नव्हतें; ज्या दिवशीं संच जोडला त्या दिवसापासून बारा महिने मोजून हिशेब होई. आपल्याकडेही तसें करतां येईल. परंतु आम्हांस तें तितकेंसें पसंत नाहीं. एक तर प्रत्येक घराची तारीख निराळी झाली म्हणजे कारकुनी वाढते. दुसरें, ज्याचा संच योगायोगानें मार्चअखेर जोडला गेला तो आहे तेथेंच राहतो. त्यापेक्षां सर्वांसाठीं एकच तारीख, पावसाळा सरल्यावरची, ३० सप्टेंबर ही ठरवावी.

हिशेबाचें वर्ष म्हणजे मार्च, ही समजूत तरी कितीशी जुनी आहे? आपल्याच राज्यांत महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतें व ३१ जुलैला संपतें, कारण तें पिकांकडे पाहून ठरविलेलें आहे. साखरेचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा मोजतात आणि कारखान्यांच्या ऊंसदराचें सारें गणित त्यावर चालतें. सहकारी संस्थांचें वर्ष पूर्वीं ३० जूनला संपत असे, हें आमच्या जुन्या चिटणिसांस आठवत असेल. फार काय, रिझर्व्ह बँकेचें स्वतःचें हिशेबी वर्ष २०२० पर्यंत जुलै ते जून असें होतें. साखरेचा हंगाम सप्टेंबरांत संपत असतांही कारखाने आपले ताळेबंद मार्चांत करतातच कीं नाहीं? त्याप्रमाणें वीज कंपनीनेंही ३१ मार्चला ग्राहकांच्या शिल्लक युनिटांची किंमत देणें म्हणून ताळेबंदांत दाखवावी व खातीं पुढें चालूं ठेवावीं. संगणकावर होणाऱ्या हिशेबास हें अवघड जाऊं नये.

नियम बदलेपर्यंत घरमालकानें काय करावें, याविषयीं थोडेंसें. ज्यांस संच घ्यावयाचा आहे त्यांनीं गेल्या बारा महिन्यांचीं बिलें समोर ठेवून वर्षाच्या गरजेहून किंचित् लहानच संच घ्यावा. विक्रेता 'उरलेली वीज विकून कमाई होईल' म्हणेल, तर त्यास खरेदीचा दर कागदावर लिहून मागावा. एक किलोवॅटास सुमारें शंभर चौरस फूट मोकळी, सांवली न पडणारी जागा लागते. शक्य असल्यास जोडणी एप्रिलच्या आरंभीं करून घ्यावी. दिवाळीस जोडलेल्या संचाचीं पहिलीं सगळीं शिल्लक युनिटें मार्चांत कवडीमोल जातात. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचास तांत्रिक तपासणीचें कारण सांगून अर्ज अडकवितां येत नाहीं, आणि पांच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठीं तारा-रोहित्र बळकट करावे लागले तर तो खर्च कंपनीनेंच सोसावयाचा, असें २०२४ च्या फेब्रुवारींत मध्यवर्ती नियमांत घातलेलें आहे; कोणी निराळें सांगूं लागल्यास हें नम्रपणें दाखवून द्यावें. शिल्लक संपविण्यासाठीं फेब्रुवारी-मार्चांत घरगुती जोडणीवर शेताचा पंप चालविण्याची युक्ति एकदोघांनीं आम्हांस सांगितली. ती कृपा करून कोणी करूं नये. मंजूर कारणाहून दुसऱ्या कारणासाठीं वीज वापरणें हा २००३ च्या कायद्याखालीं अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचा दंड वर्षाच्या सगळ्या बचतीहून मोठा होईल.

शेतावरील सौर पंपांविषयींही विचारणा होत असते. 'मागेल त्याला सौर कृषि पंप' योजनेंतील पंपास बाहेरची तार नसते. म्हणून पंप बंद असतांना त्याच्या पॅनेलांवर पडणारें ऊन कोणाच्याही खात्यांत जमा होत नाहीं. गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील ढुंडी या गांवच्या शेतकऱ्यांनीं यास निराळी वाट काढली. २०१५-१६ च्या सुमारास सहा जणांनीं सौर पंपांची सहकारी मंडळी स्थापिली, आपले पंप तारेस जोडले, आणि उरलेली वीज पंचवीस वर्षांच्या करारानें युनिटास ४ रुपये ६३ पैसे दरानें वीज कंपनीस देऊं लागले. त्याबद्दल सवलतीच्या शेतीविजेवरील हक्क त्यांनीं सोडला. पाण्याचा उपसा बेतानें करावा, कारण वांचलेलें ऊन विकलें जातें, असा त्यांत दुहेरी हेतु होता. एकट्यादुकट्यास जो करार मिळाला नसता तो सहा जणांच्या मंडळीस मिळाला, ही गोष्ट सहकारी संस्थेच्या मासिकानें नमूद केल्याशिवाय कशी राहील?

राहतां राहिला मार्चचा प्रश्न. तो आयोगाच्या विनियमांतला आहे, म्हणून वीज कंपनीच्या स्थानिक अधिकाऱ्याशीं त्यासाठीं भांडणें व्यर्थ आहे. त्याच्या हातीं कांहीं नाहीं. विनियमांत दुरुस्ती करावयाची झाल्यास आयोगास तिचा मसुदा आधीं प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. आजवर अशा सूचनांत शेतकऱ्यांचा आवाज पंपाच्या दरापुरताच ऐकूं येत असे. घराच्या छपराविषयीं आपण बोललोंच नाहीं. आमच्या संस्थेनें वर्ष ३० सप्टेंबरला संपवावें अशा मागणीचा अर्ज तयार करण्याचें ठरविलें आहे. अर्जास आमच्या कल्पनेंतले आंकडे जोडून चालणार नाहीं, खरीं बिलें हवींत. ज्या सभासदांच्या घरीं संच बसून पुरतीं बारा महिने झालीं असतील त्यांनीं एप्रिल ते मार्चपर्यंतच्या सर्व बिलांच्या नकला संस्थेच्या कचेरींत आणून द्याव्या. ग्राहक क्रमांक व नांव झांकलें तरी चालेल. दिलेलीं युनिटें, घेतलेलीं युनिटें आणि महिन्याअखेरची शिल्लक हीं तीन घरें मात्र स्पष्ट दिसलीं पाहिजेत. ज्या महिन्यांत दुपारचा पुरवठा वरचेवर बंद होता तो महिना पेन्सिलीनें खूण करून दाखविल्यास अधिक बरें.